वरून शेतं दाखवतात तेव्हा

६ मार्च

चि. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

एका बोटाने टाइप करतेय, तेव्हा चुका पोटात घाल. फोन करत जा असं तू म्हणतेस, पण ताडपत्री शिवायच्या मशीनपुढे उभा जन्म गेला माझा. आता फोनवर नुसती माशी गुणगुणल्यासारखं ऐकू येतं आणि मी आपली 'हो हो' म्हणत बसते. मागच्या वेळी तू काय विचारलंस देव जाणे, मी हो म्हटलं आणि तू एकदम गप्प झालीस. त्यापेक्षा हे लिहिणं बरं.

आता कामाचं. माझ्या लेकाच्या, आपल्या भिंगरीच्या सायकल शर्यती बघायची माझी साइट पुन्हा बंद पडली. चालू असायची तेव्हाही तिचे नखरे काय सांगू! बंद करायच्या फुलीवर बोट ठेवलं की आणखी तीन खिडक्या उघडायच्या. एकीत जुगार, दुसरीत टकलावर केस उगवायचं औषध, तिसरीत एक बाई, अंगावर कपडा अगदी बेताचा. मी तिला रोज म्हणायचे, बाई गं, सर्दी होईल. त्या तिघांना हाकलून शर्यत दिसायला लागली की मध्येच चित्र थिजायचं आणि मधोमध ते वाट बघायला लावणारं गोल फिरायला लागायचं.

तू हसशील, पण लिहितेच. मागच्या मोसमाच्या शेवटच्या शर्यतीत असंच चित्र थिजलं. त्याचा एक गुडघा वर, एक खाली, आणि मधोमध ते गोल. मी लॅपटॉपला थापटलं, हलवलं, त्याच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं. चित्र परत आलं तेव्हा हा रस्त्याच्या कडेला बसलेला, चड्डी फाटलेली, मांडी सोलून निघालेली. त्याआधीही एकदा असंच झालं होतं. मी बघत असले की तो पडत नाही. नजर हटली की पडतो. हे मी कारखान्यात कुणाला बोलत नाही, वेड्यात काढतील. पण तू घरातली.

आवाज मी बंदच ठेवते. ते समालोचक काय बोलतात ते ऐकू येत नाही आणि आलं तरी कळणार नाही. पण चित्रांवरून एक गोष्ट मी हेरली आहे. शर्यत रंगात आलेली असताना अचानक हेलिकॉप्टरमधून शेतं, नदी, जुनी गढी असं काहीबाही दाखवायला लागले आणि दाखवतच राहिले, तर समजायचं की खाली कुणीतरी पडलंय आणि ते दाखवण्यासारखं नाही. ती हिरवी शेतं आली की मी पडद्याला नाक लावून बसते. तो परत दिसेपर्यंत मी श्वास घेत नाही.

त्यात हा पडला पाणक्या. जिंकणारा असता तर कॅमेरा सतत त्याच्यावर असता. हा मागे गाडीपाशी जाणार, पाठीच्या खिशांत बाटल्या कोंबणार, पुढे जाऊन सगळ्यांना वाटणार. लहानपणी ग्लासभर पाणी आणून दे म्हटलं तर तोंड फुगवून बसायचा, आणि आता पाणी वाहण्याचा पगार घेतो. या वेळी घरी आला तेव्हा दोन्ही जर्सींचे खिसे वजनाने लोंबत होते. मी ताडपत्रीच्या हिरव्या दोऱ्याने दुहेरी टाके घालून दिले. केशरी कापडावर हिरवा दोरा, संघातले लोक हसले म्हणे. हसू देत. पण खिसा आता फाटणार नाही.

तर मला खात्रीचं काहीतरी सांग, न थांबणारं. तू कशावर बघतेस?

तुझी,
आई


८ मार्च

ती. आईंना,
सा. नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मी प्रयोगशाळेत एकटीच हसत होते. समोर कवळ्यांची रांग होती, त्याही हसतायत असं वाटलं. आज दिवसभर एका बाईंच्या पुढच्या दाताचा रंग जुळवत बसले होते. चहा पिणाऱ्या माणसाच्या दातांचा रंग जुळवणं फार कठीण, तो धड पांढरा नसतो आणि धड पिवळाही नसतो.

इथे वर्गणी भरून घ्यायचं एक अ‍ॅप आहे. त्यावर सगळ्या शर्यती पहिल्यापासून शेवटपर्यंत दिसतात, जाहिरात नाही, काही नाही. मी त्यावरच बघते. स्वयंपाकघरात टॅब्लेट उभा करून ठेवते आणि भाजी चिरता चिरता बघते. माझा पासवर्ड खाली लिहिला आहे, तोच टाका. चालायला हवं.

त्या फुकट साइट सोडून द्या, आई. एखाद दिवशी लॅपटॉपच बसेल.

पुढच्या आठवड्यात एक दिवसाची शर्यत आहे, सपाट रस्त्याची, काळजीचं कारण नाही. त्यानंतर ती आठवडाभराची, डोंगरातली. हे तिचीच तयारी करतायत. उतारांचे व्हिडिओ बघत बसतात आणि जेवताना हाताने वळणं दाखवतात. मी म्हणते, पानाकडे बघा.

तुमची,
सूनबाई


१५ मार्च

चि. सूनबाईस,
आशीर्वाद.

तुझा पासवर्ड टाकला. 'ही सेवा तुमच्या भागात उपलब्ध नाही.' का बरं? माझा भाग काय चंद्रावर आहे? तीनदा टाकला, तिन्ही वेळा तेच. मग इतकी घाबरले की सरळ शेजारच्या केबलवाल्याचं दार वाजवलं.

त्याला तू लग्नात पाहिलं असशील, उंच, मान पुढे काढून चालतो. एके काळी या सगळ्या गल्लीवर त्याच्याच तारा होत्या, लोक त्याला सणसणीत शिव्या द्यायचे आणि महिन्याला पैसेही द्यायचे. आता सगळं इंटरनेटवर गेलं आणि त्याला कुणी शिवीसुद्धा देत नाही. बिचारा नुसता बसून असतो. मी सांगितल्याबरोबर स्क्रू ड्रायव्हर खिशात घालून आला. याने कुठली कुठली परदेशी वाहिनी शोधली, लॅपटॉपपासून टीव्हीपर्यंत वायर टाकली, आणि म्हणाला, "ताई, माझ्या कनेक्शनवर पडदा कधी काळा राहिलेला नाही. बसा निवांत." त्याचा पत्ता खाली देतेय, तुला काही विचारायचं असेल तर विचार, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

आणि काय सांगू, कालची अख्खी शर्यत दिसली! गोल एकदाही फिरलं नाही. मोठ्या टीव्हीवर तो गाडीपाशी आला, मागून कॅमेरा होता, आणि माझा हिरवा दोरा दिसला. मी ओरडलेच. केबलवाला दचकला. सहा बाटल्या कोंबल्या त्याने आणि एक टाका हलला नाही.

मग पुढे गेला. त्याची ती पद्धत तू पाहिलीच असशील. मागे वळून न बघता हात पाठीकडे नेतो, बाटली काढतो, म्होरक्यापुढे धरतो आणि म्हणतो, 'घे.' ऐकू न येणाऱ्या माणसाला ओठ वाचता येतात, त्यामुळे माझी चूक होणार नाही. त्या परक्या मुलखातल्या माणसाला हा वेडा आपल्या भाषेत 'घे' म्हणतो. आणि तो घेतोही.

संध्याकाळी त्याचा अंगठा आला मेसेजवर, नेहमीसारखा, पाठोपाठ 'भूक'. मी झोपले ती सकाळीच उठले.

आता ती डोंगरातली. उतार म्हटलं की मला एकटीने बघणं जड जातं. एक विचारू? तू बघतेस म्हणतेस, पण आजवर एकदाही लिहिलं नाहीस की तो कसा दिसला, कुठे होता. या वेळी लिही. दोघींनी बघितलं तर मला जरा धीर येईल.

आई


२३ मार्च

ती. आईंना,
नमस्कार.

घाईत लिहितेय. कालची शर्यत दिसली का तुम्हाला? नीट दिसली? मध्ये बंद तर नाही पडली? काय काय पाहिलंत ते जरा सविस्तर लिहा.

यांचा फोन बिघडला आहे, मोठे मेसेज जात नाहीत. अंगठा तेवढा येईल.

सूनबाई


२३ मार्च

चि. सूनबाईस,
आशीर्वाद.

दिसली. मध्ये एकदा पडदा काळा झाला, पण केबलवाल्याने काहीतरी खटपट केली आणि चित्र आलं. नंतर शेवटपर्यंत थांबलं नाही. ऊन होतं छान. रस्ता कोरडा होता. भिंगरी मागे होता, मग पुढे आला, बाटल्या दिल्या. शेवटी घोळक्यातून रेघ ओलांडताना दिसला.

अंगठा मिळाला.

तू जेवतेस ना वेळेवर?

आई


२४ मार्च

केबलवाले काकांना,
नमस्कार.

मी तुमच्या शेजारच्या ताईंची सून. आईंनी तुमचा पत्ता दिला होता म्हणून लिहितेय. हे पत्र त्यांना दाखवू नका, बोलूही नका.

काका, परवा तुम्ही त्यांना काय दाखवलंत? त्या लिहितात की ऊन होतं आणि रस्ता कोरडा होता. इथे परवा सकाळपासून पाऊस होता. त्या लिहितात की ते रेघ ओलांडताना दिसले. काका, ते रेघेपर्यंत पोचलेच नाहीत. उतारावर, ओल्या वळणावर पडले, कठड्यावर डोकं आपटलं. हेल्मेटचे दोन तुकडे झाले. डाव्या खांद्याचं हाड मोडलंय, पण त्याचं कुणी नावच काढत नाही. डोक्याला आतून सूज आहे. डॉक्टरांनी औषध देऊन झोपवून ठेवलंय. सूज उतरली तर उठवू म्हणतात. त्या 'तर'च्या पुढे कुणी बोलत नाही. मी विचारतही नाही.

मी त्यांच्या खोलीच्या बाहेर बसले आहे. काचेकडे पाठ करून हे लिहितेय.

आधी मला तुमचा खूप राग आला. रात्र गेल्यावर वाटलं, जे झालं ते बरंच झालं. आई तिथे एकट्या आहेत, ऐकू येत नाही, आणि त्यांचा असा समज आहे की त्या बघत असल्या की ते पडत नाहीत. त्यांना हे कळलं तर त्या स्वतःलाच धरतील. म्हणून हात जोडून सांगते, जे लावलं होतंत ते उद्याही लावा. शर्यत संपेपर्यंत लावा. तोवर इथे काहीतरी कळेल. यांच्या फोनवरून अंगठा मी पाठवतेय.

आपली,
सूनबाई


२५ मार्च

सूनबाई,
नमस्कार.

तुमचं पत्र वाचलं. काय घडलं ते जसंच्या तसं सांगतो.

आमच्या धंद्यात एक रीत होती. वरून सिग्नल गेला की लोक घरावर यायचे, म्हणून प्रत्येक केबलवाल्याकडे काही कॅसेट तयार असायच्या. पडदा काळा झाला की कॅसेट लावायची आणि सिग्नल आला की हळूच पुन्हा जोडायचं. एकदा मी जुनी मॅच लावली होती, अर्धी गल्ली टाळ्या वाजवत बसली. आम्हाला त्यात काही गैर वाटायचं नाही. पडदा काळा ठेवणं हेच गैर, असंच आम्ही शिकलो.

त्या दिवशी चालू शर्यतीत ती वाहिनी मेली. ताईंनी माझं मनगट धरलं. त्यांचे हात ताडपत्री ओढणारे, वळ अजून आहेत. "काहीतरी कर, त्याला एकटं सोडू नकोस," म्हणाल्या. माझ्याकडे याच शर्यतीची गेल्या वर्षीची सगळी रेकॉर्डिंग होती. गेल्या वर्षी त्यांना अर्धीमुर्धीच दिसली होती म्हणून मी नंतर उतरवून ठेवली होती, त्यांना द्यायची राहूनच गेली. कपडे तेच केशरी, डोंगर तसलेच. मी लावून दिली. म्हटलं, पाच-दहा मिनिटांत दुसरी वाहिनी शोधतो. सापडली तेव्हा शर्यत संपली होती.

दुसऱ्या दिवशी नवी वाहिनी सापडली, पण स्पर्धकांच्या यादीत भिंगरीचं नावच नव्हतं. कुणाला विचारू तेही कळेना. मी पुन्हा जुनीच लावली.

तुम्ही म्हणता तसं लावतो. पण सूनबाई, हे काम फार वाईट आहे. त्या टीव्हीपुढे स्टूल घेऊन बसतात, मांडीवर कात्री आणि फाटकी ताडपत्री, पण हात चालत नाहीत. मध्येच माझ्याकडे वळून म्हणतात, "बघ, कसा चाललाय." मी म्हणतो, "एक नंबर, ताई." काल हेलिकॉप्टरमधून शेतं दाखवायला लागले तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. गेल्या वर्षीची शेतं, तरी मीही मान खाली घातली.

शेवटचा भाग अठ्ठावीस तारखेचा. त्यानंतर माझ्याकडे लावायला काही नाही.

आपला,
केबलवाला


२८ मार्च

चि. सूनबाईस,
आशीर्वाद.

आज शेवटची शर्यत झाली. सगळे फुलं घेऊन उभे राहिले, टाळ्या वाजल्या असतील. केबलवाल्याने टीव्ही बंद केला आणि वायर गुंडाळायला लागला. मी त्याला चहा केला, पण तो न पिताच गेला.

आता ऐक. त्याला रागवू नकोस. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

पडदा काळा होऊन चित्र परत आलं, तेव्हा थोड्या वेळाने भिंगरी गाडीपाशी दिसला. मागून कॅमेरा होता. आधीचा पाऊस जाऊन एकदम ऊन आलं होतं, ते मी डोंगरातली हवा म्हणून सोडून दिलं असतं, पण उजवा खिसा लोंबत होता आणि त्याची कड उसवलेली होती. हिरवा दोरा कुठेच नव्हता. सूनबाई, तो टाका मी घातलाय. ट्रक फाटेल पण तो टाका उसवणार नाही. आणि मी शिवण्याआधी तो खिसा कसा होता तेही मलाच ठाऊक. मला लगेच समजलं की हा गेल्या वर्षीचा भिंगरी आहे.

मग तुझं पत्र आलं, काय पाहिलंत म्हणून विचारणारं. अंगठा आला, पण पाठोपाठ 'भूक' आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. माझा मुलगा शर्यतीनंतर भूक लागली म्हणत नाही, असं कधी झालेलं नाही.

तरी मी विचारलं नाही. घाबरले, म्हणून नाही विचारलं. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं. गेल्या वर्षीचा का होईना, समोर पॅडल मारत होता. तो मारतोय तोवर तिकडेही काहीतरी चालू आहे, असं मी मनाला सांगत राहिले. केबलवाला शेजारी घामाघूम होऊन बसायचा आणि मला वाईट वाटू नये म्हणून 'एक नंबर' म्हणायचा. त्याला वाईट वाटू नये म्हणून मी 'कसा चाललाय' म्हणायचे.

आज तेही संपलं. आता माझ्यापुढे नुसता काळा टीव्ही आहे. आता सांग. आहे का तो?

आणि आणखी एक सांग, खोटं सांगू नकोस. काय झालं ते त्या काळ्या पडद्याच्या वेळीच झालं का?

आई


२८ मार्च

आई,

आहेत. आधी तेच लिहिते. आहेत.

अजून झोपेत आहेत. डोक्याला मार आहे, सूज होती, आता थोडी उतरते आहे म्हणतात. आजपासून झोपेचं औषध कमी करतायत. उठतील की नाही, उठले तर ओळखतील की नाही, हे डॉक्टर सांगत नाहीत. मी तुम्हाला आठ दिवस फसवलं. पायांवर डोकं ठेवून माफी मागितली असती, पण पाय तिकडे आहेत.

तुम्ही खोटं सांगू नकोस म्हणालात. हो, आई. वेळ साधारण तीच होती.

पण मग माझंही ऐका. मी कधीच शर्यत बघत नाही. स्वयंपाकघर, टॅब्लेट, भाजी, सगळं खोटं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मला यांनी एका शर्यतीला नेलं होतं. मी वळणावर दोरीला टेकून उभी होते. यांनी मला पाहिलं, हसले, आणि माझ्यासमोर पडले. हनुवटीचे टाके तेव्हाचेच. तेव्हापासून माझ्या मनाने घेतलं की मी बघितलं की ते पडतात. शर्यतीच्या दिवशी मी मुद्दाम जास्तीचं काम मागून घेते आणि दातांवर दात घासत बसते. तुम्ही बघता म्हणून वाचतात असं तुम्हाला वाटायचं, आणि मी बघत नाही म्हणून वाचतात असं मला.

त्या दिवशी मी बघितलं. तुम्ही लिहिलं होतंत ना, या वेळी कसा दिसला ते लिही, दोघींनी बघितलं तर धीर येईल. मला लाज वाटली. जेवणाच्या सुट्टीत प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत अ‍ॅप उघडलं. पाऊस होता. ते गाडीपाशी होते, तुमचा हिरवा दोरा मला दिसला. मनात म्हटलं, आईंना हे लिहायचं. पुढे उतार लागला. आणि चित्र वर गेलं. शेतं, आई. ओली हिरवी शेतं, एक नदी, एक पूल. दाखवतच राहिले. तुमच्या पत्रामुळे मला त्याचा अर्थ ठाऊक होता.

म्हणून मी इथे खोलीत जात नाही. बाहेर बाकावर काचेकडे पाठ करून बसते. नर्स रोज आत चला म्हणते. मी सांगते, सर्दी झाली आहे. मला भीती वाटते की मी आत जाऊन बघितलं, तर.

सूनबाई


२९ मार्च

सूनबाई,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा रडले. दुसऱ्यांदा चिडले. तिसऱ्यांदा केबलवाल्याला बोलावून वाचून दाखवलं, कारण मला एकटीला आवरेना.

मी बघितलं नाही म्हणून तो पडला. तू बघितलंस म्हणून तो पडला. आपल्या दोघींपैकी एक तरी वेडी आहे हे नक्की, आणि मला तर वाटतं दोघीही आहोत. बाई गं, रस्ता ओला होता. वळण होतं. तो जोरात होता. त्याचं एवढंच कारण आहे. हे मी तुला सांगतेय तसं मलाही सांगतेय, मला अजून पटलेलं नाही, पण पटवून घेतेय.

आता उठ. नर्सला सांग सर्दी गेली. आत जा आणि त्याच्याकडे तोंड करून बस.

मी इतकी वर्षं खात्रीचं साधन शोधत होते ना? साइट झाल्या, अ‍ॅप झालं, केबलवाला झाला. आता तो दिसतो फक्त तुला. जाहिरात नाही, मध्ये गोल फिरत नाही, आणि कॅसेट लावून मला कुणी फसवू शकत नाही, कारण या वेळी मी तुला प्रश्न विचारणार आहे. छाती वरखाली होते का? पापणी हलते का? हाताची नखं वाढलीत का? सगळं बघ आणि लिही. वाईट दिसलं तरी लिही. वरून शेतं दाखवू नकोस मला.

केबलवाला माझ्या व्हिसाचे कागद भरतोय. मी येतेच आहे. तोवर माझे डोळे तूच. नजर हटवू नकोस.

आई


३१ मार्च

ती. आईंना,

आत बसून लिहितेय. त्यांच्याकडे तोंड करून.

पहिला दिवस फार वाईट गेला. दारातून पलंगापर्यंत जायला मला किती वेळ लागला ते नर्सला विचारा. तिने माझा दंड धरला होता. मी बघितलं आणि लगेच त्या यंत्राकडे बघितलं, काही बिघडलं का म्हणून. काही बिघडलं नाही. मग पुन्हा बघितलं.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं. छाती वरखाली होते, यंत्राच्या मदतीशिवाय, काल दुपारपासून. पापण्या सुजल्या आहेत. डाव्या गालावर खरचटलेलं आता काळं पडलंय. नखं वाढली आहेत, मी कापली, उजव्या अंगठ्याच्या नखात अजून रस्त्याची माती होती. डोक्याचे केस काढले आहेत आणि कान एकदम मोठे दिसतायत. त्यांच्या कपड्यांची पिशवी मिळाली. जर्सी डॉक्टरांनी समोरून कात्रीने उभी कापली आहे. पाठीचे खिसे मात्र धड आहेत. एक टाका सुटलेला नाही.

काल दिवसभर हाका मारल्या. काही नाही. डॉक्टर येऊन डोळ्यांत बॅटरी मारून गेले आणि एकमेकांशी हळू बोलले. मला त्यांचे ओठ वाचता येत नाहीत, तुम्ही हव्या होतात. मी बाहेर पळून जाणार होते. तुमचं पत्र खिशात होतं, म्हणून बसून राहिले.

आज सकाळी नर्सने ओला कापूस त्यांच्या ओठांना लावला. पाणी द्यायला अजून परवानगी नाही. तिचं काम झालं आणि ती गेली. मी बघत होते. आधी उजवा हात हलला. वाटलं चादर टोचते आहे. मग तो हात हळूहळू अंगाखाली जायला लागला, कमरेमागे, पाठीकडे. नळी ओढली जाईल म्हणून मी घाबरून उठले, हात धरणार होते, पण थांबले. त्यांनी तिथे चाचपडलं. मग हात बाहेर आला. मूठ वळलेली होती, आत काही नव्हतं. डोळे मिटलेलेच होते. ती मूठ त्यांनी माझ्यापुढे धरली.

आवाज फुटला नाही, आई. पण ओठ हलले, आणि तेवढं मलाही वाचता आलं. 'घे' म्हणाले.

मी घेतली.

तुमची,
सूनबाई